मानेवरचा उजेड

नाटकाची प्रकाशयोजना करायला लागलं की पहिला धडा मिळतो तो म्हणजे नटाचा चेहरा दिसलाच पाहिजे. डोळे अंधारात गेले की दिग्दर्शक तालमीतच ओरडतो. मीही वर्षानुवर्षं हेच करत आलेय. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जोचं 'मरियेचा मृत्यू' हे येशूच्या आईचं चित्र पाहिल्यापासून मात्र मला हा नियम अपुरा वाटतो.

चित्र उंचीला ३६९ सेंटिमीटर. डावीकडून, वरून कुठूनतरी उजेड येतो; खिडकी दिसत नाही. जमलेले प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, रडताहेत, पण तो उजेड त्यांच्या चेहऱ्यांवर थांबतच नाही. तो पडतो टकलांवर, कपाळांवर, एखाद्या कानावर. एका म्हाताऱ्याने मुठी डोळ्यांवर दाबून धरल्यात. पुढे बुटक्या खुर्चीवर येशूची शिष्या मेरी मॅग्डलीन वाकून बसलीय, तोंड पार झाकलेलं. उजेड आहे तो तिच्या मानेवर आणि खांद्यावर. पायाशी तांब्याचं घंगाळं. तिचा चेहरा दिसत नाही म्हणूनच तिचं रडणं असह्य होतं. त्या मानेसमोरून मला हलवेना.

अख्खा चेहरा उजळलाय तो फक्त मेलेल्या बाईचा, मरियेचा. लाल कपडे, फुगलेलं अंग, उघडी पावलं, उशीवरून लोंबणारा हात. डोक्यामागे जेमतेम दिसेल एवढी प्रभेची बारीक रेघ. देवदूत नाहीत, वर स्वर्ग नाही, आहेत ती छताची लाकडं आणि गडद लाल पडदा.

रोममधल्या कार्मेलाइट पंथाच्या साधूंच्या चर्चसाठी एका वकिलाने हे चित्र सांगितलं होतं. साधूंनी ते नाकारलं. देवाची आई अशी सुजलेली, पाय उघडे टाकून पडलेली, हे त्यांना कसं चालावं? पुढे त्या जागी कार्लो साराचेनीचं चित्र लागलं, त्यात देवदूत आहेत. मला साधूंचा राग येत नाही. ज्या मूर्तीपुढे रोज हात जोडायचे तिचं प्रेत बघणं सोपं नसतं. पण कॅराव्हाज्जोने तिला ज्या मायेने रंगवलंय, ती त्यांना दिसायला हवी होती.

चित्रकार रुबेन्सला ती दिसली. त्याच्या सांगण्यावरून इटलीतल्या मांतुआच्या ड्यूकने ते विकत घेतलं, आणि १६०७ मध्ये रोममधून हलवण्याआधी आठवडाभर लोकांसाठी खुलं ठेवलं गेलं. कॅराव्हाज्जो तोवर रोम सोडून पळालेला होता. १६०६ मध्ये त्याच्या हातून खून झाला होता.