२५ हजारावं पुस्तक

दाखलनोंदवही नावाची एक लांबडी, जाड पुठ्ठ्याची वही ग्रंथालयात असते. पुस्तक आलं की आधी तिच्यात चढतं, क्रमांक मिळवतं, मगच कपाटात जातं. पुढं ते हरवलं, फाटलं, रद्दीत गेलं तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं, झालं. त्यामुळं वहीतला आकडा आणि कपाटातली पुस्तकं यांचा मेळ कधीच बसत नाही.

सांगलीत आमच्या कॉलेजच्या वहीत २५,००० चा आकडा जवळ आला तेव्हा मी ग्रंथालय समितीवर होतो. (काम मुख्यतः चहा आणि सह्या.) ग्रंथपाल मॅडमनी वाचलं होतं की, अमेरिकेत चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात असा मोठा टप्पा आला की मुद्दाम एखादं दुर्मीळ पुस्तक मिळवून त्याला तो मान देतात. तिथल्या ७० लाखाव्या पुस्तकाचा मान हुआन लातीनोला मिळाला. आफ्रिकी वंशाचा, गुलामीत वाढलेला आणि पुढं स्पेनमधल्या ग्रॅनडात लॅटिन शिकवणारा हा कवी. त्याच्या लॅटिन कविता १५७३ साली छापलेल्या.

"त्यांचे ७० लाख, आपले २५ हजार. पण आकडा गोल आहे ना, सर?" मॅडम म्हणाल्या.

अडचण एकच होती. त्या दिवशीच्या गठ्ठ्यात बिलाच्या क्रमानं २५,००० वर येत होतं बारावीच्या अकौंट्सचं गाईड. मामांनी शिक्का शाईत बुडवून उचललासुद्धा होता. "थांबा मामा!" मॅडम ओरडल्या. मामा शिक्का हवेत धरून तसेच उभे. मग ती ओळ पेन्सिलीनं राखून ठेवली आणि गाईडला २५,००१ दिला. पंधरा दिवसांनी कापडी बांधणीचा जाडजूड शब्दकोश आला. त्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, प्राचार्यांचं भाषण झालं, पेढे वाटले. पुढं लेखापरीक्षणाला आलेल्या साहेबांनी वहीवर बोट ठेवलं, "आधीच्या क्रमांकाचं बिल नंतरच्या तारखेचं कसं?" खुलासा मला लिहावा लागला. सरकारी मराठीत 'हौस' या शब्दाला प्रतिशब्द नाही हे तेव्हा कळलं.

मला मात्र त्या गाईडचं वाईट वाटत राहिलं. रांगेत आपला नंबर आला आणि खिडकीतून कुणीतरी म्हणालं, 'जरा थांबा, साहेब यायचेत,' असं झालं त्याचं. शब्दकोश काचेच्या कपाटात गेला. 'संदर्भासाठी, घरी मिळणार नाही'. किल्ली मॅडमच्या ड्रॉवरमध्ये. पेढ्यांनंतर तो कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. गाईडच्या मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी मात्र दोनदा बदलावी लागली.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आमचं ग्रंथालय तळमजल्यावर. काचेचं कपाट उघडलं तेव्हा शब्दकोश फुगून असा घट्ट बसला होता की मामांना तो कापून काढावा लागला. नोंदवही वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. तिच्यात मॅडम आठवडाभर लाल शाईनं एकच शेरा लिहीत होत्या: 'महापुरात नष्ट'.

२५,००१ पुढंही त्यांनी तो लिहिला. मग सप्टेंबरात एक मुलगा पिशवीतून गाईड घेऊन आला. दोन महिने उशीर झालेला, दंडाच्या धास्तीनं दारातच उभा. मॅडमनी वही उघडली आणि लाल शेऱ्यावर आडवी रेघ मारली.

"आणि दंड?" मामांनी विचारलं.

"गप्प बसा मामा," मॅडम म्हणाल्या.