वहिनीचं दुखणं आज सगळ्यांनी मिळून ऐकलं

आज वहिनीसोबत नागपुरात धंतोलीत दवाखान्यात गेले होते. (तिला विचारूनच लिहितेय.) तिचं ओटीपोट कित्येक वर्षं दुखतंय. सोनोग्राफी नॉर्मल, म्हणून 'मनावर घेऊ नकोस' एवढंच ऐकत आली बिचारी. पण सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) नाहीच, असं नसतं! शिवाय दुखणं 6 महिन्यांच्या वर टिकलं की गर्भाशय, मूत्राशय, आतडी, स्नायू, नसा सगळंच बघावं लागतं.

आज स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक एकत्र बसल्या. फिजिओथेरपिस्टनं वहिनीला उताणं झोपवून, गुडघे दुमडून, पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायला लावला. दुखण्याच्या धास्तीनं ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेलेच राहतात, ते आधी सैल सोडायला शिकायचं. अशा वेळी नुसते कीगल (हेच स्नायू आवळून सोडायचे व्यायाम) करत बसलं तर त्रास वाढूही शकतो. झोप, लघवी, संडास, संबंधांच्या वेळचं दुखणं, सगळं नीट विचारलं. समुपदेशन सुचवलं म्हणजे दुखणं खोटं आहे असं नव्हे, हे दादाला समोर बसवून सांगितलं, ते मला फार आवडलं. दुखण्याची रोजची नोंद ठेवायचं काम दादानं लगेच स्वतःकडे घेतलं.

आता वेदनातज्ज्ञांना भेटायचंय. त्याआधी जुने रिपोर्ट तारखेनुसार लावायला बसलोय.