कानात बिल्ला नाही, तर रोगाची नोंद नाही

आमचं रान ममदापूरच्या काळवीट संवर्धन क्षेत्राला लागून आहे. उन्हाळ्यात एकाच पाणवठ्यावर पहाटे हरणं, दुपारी आमची गुरं आणि संध्याकाळी धनगरांची मेंढरं. त्यामुळे रविवारी सकाळी गाय लाळ गाळायला लागली तसा गावानं निकाल देऊन टाकला: हरणांनी आणलं. मीही तेच म्हणत होतो. शिवारात एक काळवीट लंगडताना दोघांनी पाहिलं होतं, मग आणखी काय पुरावा हवा?

गाय नवीच होती. आधीच्या मंगळवारी आणलेली, तीही बाजारातून नाही, एका व्यापाऱ्याच्या दावणीवरून, पाच हजारांनी स्वस्त पडली म्हणून. तिचा कान फाटलेला आणि कानातला नंबराचा बिल्ला गायब. व्यापारी म्हणाला, "काट्यात अडकून तुटला असंल." मी मान डोलावली. ही चूक माझीच, आधीच कबूल करून टाकतो.

१९६२ या जनावरांच्या डॉक्टरांच्या हेल्पलाइनवर फोन केला, सोमवारी डॉक्टर आले. ताप, जिभेवर फोड, तोंडाची मचमच, खुरांच्या बेचक्यात जखमा. लाळ्या-खुरकूतच. विषाणूवर औषध नाही, सांभाळायच्या त्या जखमा: पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं तोंड धुवायचं, बोरोग्लिसरीन लावायचं, मऊ चारा द्यायचा. जाताना ते म्हणाले, "नमुना पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत पाठवू, विषाणूचा प्रकार कळेल. तेवढी नोंद करून आणा. आणि लवकर करा, नमुना ताज्या फोडाच्या कातडीचा लागतो."

इथून पुढचं सगळं त्या एका नोंदीपायी. कार्यालयाचं नाव लिहीत नाही.

मंगळवारी साहेब मीटिंगला. बुधवारी खिडकीवरच्या बाबूनं अर्ज वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं: बिल्ला क्रमांक. मी म्हणालो, बिल्ला नाही.

"मग जनावर सिस्टिममध्ये दिसणार कसं?"

"जनावर गोठ्यात दिसतंय, साहेब."

"भाऊ, बारा आकडी नंबराशिवाय अर्ज पुढं जात नाही. लस कधी झाली तेही त्यावरच कळतं."

नवा बिल्ला मारा म्हटलं, तर आधी जुना नंबर शोधा, नाहीतर एकाच गाईच्या दोन नोंदी होतील. जुना नंबर कुणाकडे? व्यापाऱ्याकडे. त्याचा फोन बंद. गुरुवारी मोटारसायकलवर साठ किलोमीटर जाऊन त्याला गाठलं, तर त्यानं ती गाय दुसऱ्याच कुणाकडून घेतलेली. तोवर इकडे फोड फुटून जिभेची साल निघून गेली होती. मी चार दिवस रकाना भरण्यात घालवले आणि रोग आपलं काम करून मोकळा झाला.

गुरुवारी संध्याकाळी घरच्या कालवडीच्या तोंडाला फेस आला. कांदा काढणीच्या घाईत तिचा दर सहा महिन्यांनी द्यायचा लसीचा डोस मी चुकवला होता. पण तिच्या कानात बिल्ला होता! शुक्रवारी त्याच खिडकीवर तोच अर्ज दहा मिनिटांत घेतला गेला. दुसरं जनावर आजारी पडलं म्हणून सुटल्यासारखं वाटलं, याची अजून लाज वाटते. दुपारी ताज्या फोडाची कातडी बाटलीत, बाटली बर्फाच्या डब्यात. पुढे अहवाल आला: 'ओ' प्रकार, आपल्या देशात सर्वाधिक आढळणारा.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यानुसार असा रोग दिसला की मालकानं ग्रामपंचायतीला कळवायचं असतं, आणि तिथून जवळच्या पशुवैद्यकाला लेखी वर्दी जाते. म्हणजे मी ग्रामसेवकाकडे एक चिठ्ठी दिली असती तर सुरुवात गावातूनच झाली असती. तुम्ही द्या, आणि पोच घ्या.

हरणांचं राहिलंच. वनरक्षकांना कळवलं, ते दुर्बीण घेऊन आले. लंगडणाऱ्या काळविटाच्या पायात तारेचा तुकडा अडकलेला होता. इतर कळप ठीक. तरी त्यांनी बजावलं की हा रोग दुभंगलेल्या खुराच्या बहुतेक प्राण्यांना होतो, हरणांनाही, तेव्हा आपली गुरं पाणवठ्यावर नेऊ नका. मी घरीच हौद भरू लागलो.

मग कॅलेंडर काढलं. संसर्गानंतर लक्षणं दिसायला साधारण दोन ते चौदा दिवस लागतात. गाय आल्यापासून पाचव्या दिवशी ती लाळ गाळायला लागली, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी कालवड. माझी जुनी गुरं सगळा उन्हाळा हरणांच्याच पाण्यावर होती, त्यांना आधी काही झालं नव्हतं. कागदावर सिद्ध होणार नाही, पण रोग माझ्याच टेम्पोतून आला असं मी मानतो. गावात हे सांगितलं तर लोक अजून हरणांचंच नाव घेतात, कारण हरणं भांडायला येत नाहीत.

नवं जनावर आणलं की निदान दोन-तीन आठवडे वेगळं बांधा, त्याची बादलीही वेगळी. गोठ्याच्या दारात धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवा, लिटरला चाळीस ग्रॅम, आणि त्यात चपला बुडवूनच आत या. म्हातारी आई कुरकुरली, पण बुडवते.

परवा त्याच कार्यालयातून फोन आला. "भाऊ, ती पहिली गाय. तिचा नंबर सापडला का? रकाना मोकळा दिसतोय."