बाबांची पंचाहत्तरी आणि ठाण्यातली सुरमई

जुलैच्या दुसऱ्या रविवारी बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली. हॉल नको, औक्षणाचा थाट नको. "एकदा नीट मालवणी जेवायला घाला, बास," एवढंच ते म्हणाले. मालवण सुटून पन्नास वर्षं झाली, तरी माशाचा तुकडा ते आधी बोटांनी चाचपतात आणि मगच तोंडात घालतात.

कल्याणहून आम्ही पाच जण निघालो. आई-बाबा, मी, नवरा आणि नववीतली लेक. मेगाब्लॉकमुळे गाड्या उशिराने होत्या, त्यामुळे ठाणे पश्चिमेला उतरून रिक्षाने नौपाड्यात पोचेपर्यंत सव्वा वाजला. हॉटेल सात-आठ टेबलांचं. आदल्या दिवशी फोन केला होता, "या ना मॅडम, सगळं मिळेल," असं उत्तर मिळालं होतं. प्रत्यक्षात पाऊण तास दाराबाहेर उभे. बाबा काठी टेकून पायरीवर, वरून पागोळ्या गळतायत. एक खुर्ची मागितली तर "होईल आता" म्हणाले. ती शेवटपर्यंत आली नाही.

मग ताटं आली. सुरमईला वरून रवा कुरकुरीत, मसाला लालभडक. बाबांनी तुकडा मोडला तर आतलं मांस कापसासारखं विस्कटलं, आणि काट्यालगत चक्क गार लागलं. सोलकढी गडद गुलाबी आणि गोडसर. आगळाचा (कोकमाच्या अर्काचा) आंबटपणा नाही, लसणाचा वासही नाही. बाबा काही बोलले नाहीत. तुकडा ताटाच्या कडेला सारला आणि आईच्या शाकाहारी ताटातली वाटाण्याची उसळ घेऊन भात जेवले. मला घास गिळवेना.

वाढणाऱ्याला हाक मारली. तो बिचारा खरं बोलला: "ताई, आत्ता बंदी आहे, सगळं फ्रीजरचं."

हे मला आधी सुचायला हवं होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. या दोन महिन्यांत सुरमई-पापलेट मिळालं तरी ते बहुतेक साठवलेलं, नाहीतर लांबून आलेलं. पण फोनवर एवढंच कुणी सांगितलं असतं तर आम्ही आनंदाने खाडीची कोळंबी, तिसऱ्या (शिंपल्या) किंवा सुक्या बांगड्याचं तिखलं मागवलं असतं. बाबांना सुकं तर जास्तच आवडतं!

बिल २,४०० रुपयांचं, त्यावर १० टक्के सेवा शुल्क आणि मग जीएसटी, मिळून २,७७२. सेवा शुल्क असं परस्पर लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. नवऱ्याने शांतपणे सांगितल्यावर काढलं, २,५२० दिले. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मात्र ५ टक्के जीएसटी सेवा शुल्कासकट रकमेवर लावलेला असतो, तोही नव्याने मांडून घ्या.

तुम्ही जाणार असाल तर फोनवर "काय मिळेल" विचारू नका, "आज ताजं काय आलंय" विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर बेत बदला. रविवारी साडेबाराच्या आत पोचा, निघण्याआधी मेगाब्लॉक बघा. सोबत वयस्क माणूस असेल तर बाहेर बसायची सोय आहे का हे टेबलाच्या आधी विचारा. सोलकढी आधी एकच मागवून चाखा. अस्सल सोलकढी फिकट गुलाबी असते, आणि थोडा वेळ ठेवली की तळाशी साका बसतो.

तिथून आम्ही तलावपाळीला गेलो. पाऊस थांबला होता. बाबांनी कट्ट्यावर बसून लिंबू-मीठ चोळलेलं कणीस अख्खं खाल्लं. नारळी पौर्णिमा झाली की मी स्वतः बाजारातून सुरमई आणणार आहे, आणि तुकडे बाबाच पाडणार आहेत.