रूपिकांतरांची वही: भूतकाळाचा 'ल' आणि 'म्हण' धातू

या वहीत मी मराठीतली रूपिकांतरं टिपतोय, म्हणजे एकाच रूपिमाची (अर्थ असलेल्या लहानात लहान घटकाची) वेगवेगळी रूपं. अनेकवचनं एकदाची हातावेगळी झाली. वीट-विटा, भिंत-भिंती, घोडा-घोडे, आणि 'एक भाषा, दहा भाषा' मधला शून्य प्रत्यय (काहीच न लागता होणारं अनेकवचन). पाणिनीने 'अदर्शनं लोपः' म्हणत न दिसण्यालाही व्याकरणात जागा दिली आहे, त्यामुळे शून्याची नोंद करताना हात अडखळला नाही.

आता भूतकाळ. 'बस-ल-आ' सरळ सुटतं: धातू, काळ, लिंगवचन असे तीन रूपिम. घोडं अडतं ते 'सांगितलं, घेतलं, म्हटलं' इथे. आधी वाटलं, धातूच्या शेवटच्या ध्वनीवर सगळं ठरत असेल. म्हणून जोड्या लावल्या. 'सांग'चं 'सांगितलं', पण 'टांग'चं 'टांगलं'. 'माग'चं 'मागितलं', पण 'भोग'चं 'भोगलं'. 'म्हण'चं 'म्हटलं', पण 'आण'चं 'आणलं'. ध्वनी तोच, रूप निराळं. म्हणजे ही रूपं धातूगणिक टिपूनच ठेवायला हवीत.

मग तोडायचं कुठे? 'सांग-इतल' की 'सांगित-ल'? मी 'ल'च्या आधी तोडतोय. 'केला, गेला, मेला' यांत 'के, गे, मे' ही धातूंची रूपिकांतरं मानावीच लागतात. त्यांच्याच रांगेत 'सांगित, घेत, म्हट' बसवले की 'ल'ला हात लावावा लागत नाही.

खरी गंमत 'ल'च्या आधी 'आ' घेणाऱ्यांची: उडाला, बुडाला, पळाला, निघाला, मिळाला. 'पड'चं मात्र 'पडला', 'वळ'चं 'वळला', तेव्हा 'आ' कोणाला लागेल ते आधी सांगता येत नाही. पण ज्यांना लागतो, ती माझ्या यादीतली सगळी क्रियापदं कर्त्याप्रमाणे चालतात, म्हणजे कर्तरी प्रयोगात. यावर शिक्कामोर्तब केलं 'म्हण'ने. 'ती म्हणाली', पण 'तिने म्हटलं'. धातू एक, अर्थ एक. प्रयोग बदलला की रूपिकांतर बदललं! 'तिने म्हणालं' कान स्वीकारतच नाही.

'कळलं' की 'कळालं' हा वाद नेहमीचा. माझ्या वहीत दोन्ही आहेत, आणि 'कळालं' मला फार मोलाचं वाटतं: 'मिळालं, पळालं' यांच्या ओढीने 'आ' अजून नवे धातू आपल्याकडे खेचतोय.

कर्मणी किंवा भावे प्रयोगात हा 'आ' घेणारा एक जरी धातू कोणाला सापडला, तर जरूर कळवा. तो मिळाला तर माझी मांडणी मोडेल आणि मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करेन.