बंगलोरची गाडी, पुण्याचा नंबर आणि बँकेचं एक पानी पत्र

गाडीचा नंबर दुसऱ्या राज्यात बदलायचा म्हणलं की सगळे आरटीओची भीती घालतात. मलाही घातली. मेव्हणा म्हणाला एजंट धर, ऑफिसातला एक जण म्हणाला विकून टाक आणि इथे दुसरी घे, बाबा म्हणाले कशाला उकरून काढतोस, चाललंय ना नीट. आणि झालं काय, तर बंगलोरचं आणि इथलं अशी दोन्ही आरटीओ मिळून जेवढे दिवस लागले त्याच्या दुप्पट एकट्या बँकेने खाल्ले. ५२ दिवस. एका पानाच्या पत्रासाठी. तुमच्या गाडीवर लोन नसेल तर यातलं अर्धं वाचायची गरजच नाही, सुखी माणसं तुम्ही.

गाडी जानेवारी २०२१ ला बंगलोरला घेतली. पेट्रोल, एक्स-शोरूम ८ लाख, लोन सात वर्षांचं. कर्नाटकात ५ ते १० लाखाच्या गाडीला लाइफटाइम टॅक्स १४ टक्के आणि त्या टॅक्सवर परत ११ टक्के सेस, म्हणजे १,२४,३२० रुपये आधीच मोजलेले. हे 'लाइफटाइम' म्हणजे गाडी कर्नाटकात आहे तोवरचं लाइफटाइम, हे मला ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याला परत आल्यावर समजलं. बाहेरच्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. सहा-सात महिने मी आज करू उद्या करू करत घालवले, तेवढ्यात सिग्नलला दोनदा हवालदाराने केए (कर्नाटकचा) नंबर बघून बाजूला घेतलं. दोन्ही वेळा पुण्यात कधी आलो त्याचा पुरावा दाखवून सुटलो (सामान हलवल्याची पॅकर्सची पावती, ती जपून ठेवा, गाडीतच ठेवा) पण म्हणलं आता बास.

कुणीतरी विचारणारच की बीएच नंबर (कुठल्याही राज्यात चालणारी भारत सिरीज) का नाही घेतला. ती सिरीज सुरू झाली सप्टेंबर २०२१ ला, माझी गाडी त्याच्या आधीची. नंतर डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने जुन्या गाड्यांनाही बीएच घ्यायची सोय झाली, पण खाजगी नोकरी असेल तर कंपनीची ऑफिसं किमान चार राज्यांत लागतात. आमची तीन. एचआरला विचारलं चौथं कधी उघडताय, ती नुसती हसली.

क्रम असा आहे. आधी बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र), ती लावून जुन्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), ती घेऊन इथे नवीन नंबरचा अर्ज (फॉर्म २७), इथला टॅक्स, आणि सगळ्यात शेवटी जुन्या राज्याकडून उरलेल्या टॅक्सचा रिफंड. म्हणजे बँकेचं पत्र नाही तर पुढचं काहीच नाही, कारण आरसीवर (गाडीच्या नोंदणी पत्रावर) हायपोथिकेशन आहे, लोन फिटेपर्यंत गाडी कागदावर बँकेकडे गहाण.

७ एप्रिलला, सोमवारी, बँकेच्या अॅपवर गेलो. एनओसी नावाचं बटण आहे, दाबलं की म्हणतं तुमचं लोन अजून चालू आहे, एनओसी मिळणार नाही. कारण ती एनओसी लोन फिटल्यावरची, फॉर्म ३५ बरोबर येते ती. मला हवी ती वेगळी, गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आणि नंबर बदलायला बँकेची हरकत नाही, बोजा तसाच राहील, असं लिहिलेली. हे मी कस्टमर केअरला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी शेवटी पाठ झालं होतं. पहिल्यांदा विचारताना 'एनओसी' एवढंच म्हणू नका, 'इंटरस्टेट ट्रान्सफर एनओसी' म्हणा, नाहीतर तुमचा आठवडा असाच जाईल.

इथल्या शाखेत गेलो. तिथले साहेब चांगले होते, चहा पण विचारला, पण म्हणाले लोन बंगलोरच्या शाखेचं आहे, आमच्याकडे तुमची फाइलच उघडत नाही. बंगलोरच्या शाखेला फोन, ते म्हणाले व्हेइकल लोन आता सेंट्रल टीम बघते. सेंट्रल टीमला फोन नाही, फक्त मेल आयडी. मेल केला, तीन दिवसांनी उत्तर, की लोन खात्यावर तुमचा पत्ता बंगलोरचा आहे, आधी तो बदला. बरं. पत्ता बदलायचा फॉर्म भरला, आधार पुण्याचं जोडलं, तर परत मेल, की व्हेइकल लोन असल्यामुळे नव्या पत्त्याची आरसी जोडा.

दोनदा वाचलं मी ते. नव्या पत्त्याची आरसी मिळवायलाच मला तुमचं पत्र हवंय ना बाबांनो! फोन लावला, एका मुलीने उचलला, तिला शांतपणे सगळं समजावलं, ती म्हणाली, "सर, तुमचं बरोबर आहे पण सिस्टीममध्ये तो डॉक्युमेंट मँडेटरी आहे." मग मी म्हणालो जुनीच आरसी अपलोड करतो, चालेल? म्हणाली करून बघा. केली. मंजूर झाली. म्हणजे तिकडे कुणी उघडून बघतच नव्हतं, काहीतरी फाइल असली की झालं. एप्रिल संपला यात.

मे महिन्यात रिक्वेस्ट नोंदली गेली, ५९० रुपये कापले गेले (५०० आणि जीएसटी, पैसे मात्र त्याच मिनिटाला), आणि मग रोज 'इन प्रोसेस'. बायको म्हणाली अरे दिवसातून किती वेळा बघशील ते, मी म्हणलं फक्त दोनदा. खरं सांगायचं तर आठ-दहा वेळा.

मग एका रात्री वैतागून कायदाच उघडला. आणि इथे मला माझंच कौतुक वाटतं, वाटू दे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५१, पोटकलम ६ ते ८. साध्या भाषेत असं आहे की लोनवरच्या गाडीला कलम ४७ खाली नवीन नंबर घ्यायचा असेल तर मालकाने फायनान्स देणाऱ्याकडे सर्टिफिकेट मागायचं, त्याने सात दिवसांत एकतर द्यायचं किंवा नाही म्हणून कारण लेखी कळवायचं, आणि दोन्हीपैकी काहीच केलं नाही तर सर्टिफिकेट दिलं असंच धरलं जातं. मालकाने 'सात दिवसांत काही उत्तर आलं नाही' असं डिक्लेरेशन अर्जाला जोडायचं. सात दिवस! मी महिनाभर या लोकांना 'प्लीज' लिहित होतो.

१२ मे ला मेल टाकला. सेंट्रल टीमला, कॉपी त्यांच्या नोडल ऑफिसरला (तक्रारी बघणारा अधिकारी, साइटवर तळाला बारीक अक्षरात असतो, शोधा). चारच ओळी. गाडीचा नंबर, लोन नंबर, रिक्वेस्टची तारीख, आणि कलम ५१ च्या पोटकलम ७ प्रमाणे सात दिवसांत सर्टिफिकेट किंवा नकाराचं लेखी कारण द्यावं, अन्यथा पोटकलम ८ प्रमाणे डिक्लेरेशन देऊन मी पुढे जाईन. विनंती वगैरे शब्द काढून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला त्यांचा फोन. त्यांचा, मला! "सर, तुमची केस प्रायॉरिटीवर घेतली आहे."

आता हे डिक्लेरेशन घेऊन आरटीओत खरंच काम होतं का, तर मी बंगलोरला फोन करून विचारलं होतं, तिथला माणूस म्हणाला कायद्यात असेल पण ऑनलाइन अर्जात बँकेचं पत्र अपलोड करायला लागतं, पत्रच आणा. त्यामुळे त्या कलमाचा उपयोग बँकेला हलवायला, आरटीओत भांडायला नाही, माझ्यापुरता तरी.

१७ मे ला पत्र कुरियरने आलं. बाबांनी पाकीट फोडून मोठ्याने वाचून दाखवलं, पेढे आणायचेच बाकी होते. रात्री आरसी शेजारी ठेवून एक एक अक्षर ताडून बघितलं तर चेसिस नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ओ. तुम्ही म्हणाल दिसायला सारखंच. पण चेसिस नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. म्हणजे ते चूकच आहे, आणि गाडीवरच्या नंबरचा पेन्सिलने ठसा घेऊन अर्जाला लावतात त्याच्याशी जुळलं नाही म्हणून तिकडून परत पाठवलं असतं, ८४० किलोमीटरवरून. परत मेल, परत रिक्वेस्ट, आणि ५९० परत कापले!! ते नंतर भांडून मिळवले. दुरुस्त पत्र २९ मे ला आलं.

आणि एक, हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं, पत्राच्या दोन ओरिजिनल मागून घ्या, दोन्हीवर सही-शिक्का. एक जुनं आरटीओ ठेवून घेतं, आणि नवीन नोंदणीच्या वेळी इथेही बघायला मागतात. मला ही अक्कल दुरुस्तीच्या वेळी आली म्हणून वाचलो. पत्रात कुठल्या आरटीओकडे गाडी जाणार त्याचं नाव नीट आहे का तेही बघा, शहराचं नाव पुरत नाही, एकाच शहरात दोन-दोन आरटीओ असतात.

बंगलोरचं काम मानाने सोपं. परिवहनच्या साइटवर अर्ज, पण ओटीपी जातो गाडीला जोडलेल्या मोबाइलवर, आणि माझा तो जुन्या कंपनीचा नंबर होता, परत केलेला. तो आधी बदलून घ्या, घरबसल्या आधारवरून होतो. सिग्नलचे, पार्किंगचे, जे काय चलान असतील ते भरून टाका, एक जरी पेंडिंग असलं तरी अडकतं. गाडी चोरीची नाही हा रिपोर्ट एनसीआरबीच्या (गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) साइटवरून निघतो, त्यासाठी कुणाला हजार रुपये देऊ नका, माझ्याकडे मागितले होते. चेसिसचा ठसा घ्यायला मी आणि बाबांनी रविवारची अख्खी सकाळ घालवली, सुताराची पेन्सिल आणि बटर पेपर घेऊन, आकडे काही नीट उमटेनात, शेवटी गॅरेजवाल्या पोऱ्याने साध्या कागदावर दोन मिनिटांत चार प्रती काढून दिल्या. मग रात्रीच्या बसने गेलो, कागद दिले, रात्रीच्या बसने परत. जूनच्या मध्यात फॉर्म २८ वरची एनओसी हातात आली. कायद्यात याला पण ३० दिवसांची मुदत आहे, उत्तर नाही दिलं तर मिळाली असं धरतात, पण इथे ते कलम काढायची वेळ आली नाही. थोडं वाईटच वाटलं.

पुण्यात तर काही सांगण्यासारखं घडलंच नाही. फॉर्म भरले, गाडी दाखवायला नेली, इन्स्पेक्टरने ठसा ताडून बघितला, टॅक्स भरला. महाराष्ट्रात १० लाखापर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, नवी असती तर ८८ हजार झाले असते, गाडीचं वय धरून त्यातून कमी होतात. एक गोष्ट काउंटरवरच विचारून घ्या, नव्या नोंदीत बँकेचा बोजा चढलाय ना. तो राहिला तर दोन महिन्यांनी बँकच तुम्हाला पत्र पाठवेल, आणि ते पत्र मात्र वेळेवर येईल.

नंबर आला की लगेच इन्शुरन्सवाल्याला कळवून पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्या. प्रीमियमची भीती नको, प्रीमियम शहराच्या झोनवर ठरतो, आणि बंगलोर आणि पुणे दोन्ही झोन ए मध्येच येतात. फास्टॅगचा नंबर पण बदला, मी विसरलो आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर मागे रांग लागलेली असताना नव्या पाट्या आणि जुना टॅग घेऊन उभा होतो.

राहिला रिफंड. नव्या आरसीची कॉपी, तिकडच्या टॅक्सची जुनी पावती, इथल्या टॅक्सची पावती असं सगळं लावून जुन्या आरटीओत अर्ज द्यायचा, वापरलेली वर्षं वजा करून उरलेला टॅक्स परत मिळतो. मी सप्टेंबरमध्ये फाइल दिली, मित्राच्या हातून, आणि कॅन्सल्ड चेक जोडायला विसरलो. आठ दिवसांनी तिथून फोन आला, चेक कुरियर केला, पोचल्याची सही पण आहे. तेव्हापासून स्टेटस 'इन प्रोसेस'. मी दिवसातून दोनदाच बघतो.