तुम्ही विचारलंत म्हणून: ठरलेल्या मॅचमध्ये भारी काय असतं?

ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगनंतर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कळलं की हा चाळिशी उलटलेला, पोराबाळांचा माणूस अजून डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे टीव्हीवरची ती अमेरिकन कुस्ती, बघतो, की पहिला प्रश्न येतोच: "अहो, पण ते सगळं खोटं असतं ना?" मी मान डोलावली की लगेच दुसरा: "मग त्यातली एखादी मॅच ग्रेट आणि एखादी टुकार, हे ठरवता कशावरून?"

पहिल्या प्रश्नावर मी हल्ली वेळ घालवत नाही. १९८९ साली खुद्द कंपनीच्याच लोकांनी न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. सरकारी क्रीडा आयोगाची देखरेख अंगावरून झटकायची होती, म्हणून वर्षानुवर्षं जपलेलं गुपित त्यांनी स्वतःच फोडलं. ते आज मला कोणी गंभीर चेहऱ्यानं समजावायला लागलं की हसू येतं. दुसरा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याचं उत्तर आटपत नाही.

थोडक्यात सांगायचं तर मॅच मोठी होते ती मार खाणाऱ्यामुळे. जिंकणारा कितीही दांडगा असो, समोरच्याला नीट हरता आलं नाही तर सगळं मुसळ केरात.

मी वाढलो कोपरखैरण्यात. आसपास माथाडींची घरं, सातारा-सांगलीकडून येऊन वाशीच्या मार्केटात पोती वाहणारी माणसं. त्यांतले बरेच गावी तालमीत घुमलेले, कान चुरगळलेले. शेजारचे काका तर पंचक्रोशीतल्या मैदानांत नाव काढलेले. रविवारी आमच्याकडे टीव्ही चालू दिसला की दारातूनच म्हणायचे, "आरं ही नुरा कुस्ती हाय, आधीच ठरवल्याली. बघून काय मिळतंय तुला?" त्यांची कुस्ती म्हणजे कोल्हापूरचं खासबाग, १९१२ साली शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं मैदान, तांबडी माती, हलगीचा कडकडाट, आणि पाठ टेकली की निकाल. तिथे समोरचा तुम्हाला लोळवायलाच उतरलेला असतो. माझ्या टीव्हीवरचे दोघं मात्र संगनमतानं तिसऱ्याला, म्हणजे मला, गुंतवायला उतरलेले असत. धंदाच वेगळा. पण हे काकांना सांगायची तेव्हा प्राज्ञा नव्हती.

(त्याच पिढीतले काही जण म्हणतात, "आमच्या वेळची दारासिंगची कुस्ती खरी होती." वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग नावाचा परदेशी पैलवान, झालंच तर १९६८ साली मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवून मिळवलेलं जगज्जेतेपद. दारासिंग ताकदीचा गडी होताच, पण ती तिकीट लावून रंगवलेली फ्रीस्टाइलही याच घराण्यातली. तेव्हा मला नावं ठेवणाऱ्यांनी आपल्या वडिलांनाही एकदा विचारावं.)

नव्वदच्या दशकात आम्हा पोरांच्या खिशात ट्रम्प कार्डं असायची. उंची, वजन, छाती, दंड, किती फाइट जिंकल्या. मधल्या सुट्टीत "छाती!" असं ओरडून समोरच्याचा पत्ता मारायचा. त्या हिशेबानं द ग्रेट खली हा थोर मल्ल ठरला असता. सात फुटांवरचा आपला माणूस; २००६ मध्ये आल्या आल्या अंडरटेकरसारख्या बड्या मल्लाला आडवा केला, २००७ मध्ये वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. अभिमान वाटला, का नाही वाटणार? पण त्याची एकही मॅच पुन्हा लावून बघावीशी वाटत नाही. त्याला पडता येत नव्हतं. आधी गुडघा, मग हात, मग कंबर असं सांभाळत खाली जायचा, आणि तोवर समोरच्याच्या ठोशातला जीव निघून गेलेला असायचा.

पडणं ही तालमीत घटवावी लागणारी गोष्ट आहे. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर बेताचा फोम आणि ताणलेला कॅनव्हास. गादी नव्हे. हनुवटी छातीला लावायची, पाठ सपाट टेकवायची, दोन्ही हात बाजूला आपटायचे, की "धाड" होतं. त्याला बम्प म्हणतात. पण बम्प घेणारे पुष्कळ. त्यानंतर जे करायचं असतं, उठताना दुखरी बाजू विसरायची नाही, पाच मिनिटांनी स्वतःची सरशी झाली तरी लंगडणं सोडायचं नाही, ते सेलिंग. तिथे भले भले कच्चे पडतात. गुडघा पिळवटून घेतलेला गडी दोन मिनिटांत दोरावरून कोलांटी मारतो तेव्हा मला रिमोट फेकावासा वाटतो.

रिकी स्टीमबोट हे यातलं माझं दैवत. नोव्हेंबर १९८६ मध्ये रँडी सॅव्हेजनं रिंगच्या घंटेनं त्याचा गळा चेचला, अर्थात कथेत. २९ मार्च १९८७ ला पॉन्टियॅक सिल्व्हरडोममध्ये रेसलमेनिया ३, म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम झाला, तिथे दोघं समोरासमोर आले. त्या दिवशी गर्दी लोटली होती ती हल्क होगन आंद्रे द जायंटला उचलून आपटतो का हे बघायला. होगननं आपटलंही, आणि फोटो तोच अजरामर झाला. पण आज लोक काढून बघतात ती त्याआधीची जेमतेम पंधरा मिनिटांची सॅव्हेज-स्टीमबोट. सॅव्हेजला सगळं आधी लिहून, घोकून घ्यायची सवय. तो फिरून फिरून गळ्यावर जातो, आणि स्टीमबोट श्वासासाठी असा तडफडतो की चार महिन्यांपूर्वीची घंटा आपल्याला आपोआप आठवते. शेवटी ती घंटा खरोखरच रिंगमध्ये येते, आणि तिच्याच गोंधळात सॅव्हेज चितपट होतो.

पण एकच मॅच निवडायची तर २३ मार्च १९९७, शिकागोजवळचं रोजमॉन्ट, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. खांदे टेकवून पिन करणं नाही, समोरच्यानं शरण यायचं तेव्हाच निकाल. ब्रेट वर्षानुवर्षांचा हिरो, ऑस्टिन शिवराळ व्हिलन. मॅच पुढे सरकते तसा ब्रेट त्याच्या पायाच्या इतका मागे लागतो की बघणाऱ्याला नकोसं व्हायला लागतं. ऑस्टिनचं कपाळ फुटतं. मग ब्रेट शार्पशूटर लावतो: ऑस्टिन पालथा, त्याचे पाय ब्रेटच्या काखेत पिळलेले, कंबर मागे वाकलेली. कॅमेरा ऑस्टिनच्या तोंडासमोर. कपाळावरचं रक्त नाकावरून ओघळून दातांच्या फटींत उतरलंय, तो ओरडतोय, हातांवर जोर देऊन एकदा जवळजवळ सुटतो, पुन्हा कोसळतो. पंच केन शॅमरॉक विचारतोय, सोडतोस का? तो सोडत नाही. बेशुद्ध पडतो. मॅच ब्रेटच्या नावावर. पण ब्रेट थांबत नाही, पडलेल्याला मारतच राहतो, तेव्हा लोक त्याची हुर्यो उडवतात. ऑस्टिन कोणाचाही हात न धरता लंगडत बाहेर जातो आणि लोक त्याच्या नावानं घोष करतात. वीस-बावीस मिनिटांत हिरो व्हिलन झाला आणि व्हिलन हिरो. पुढची काही वर्षं हा सगळा धंदा ऑस्टिनच्या नावावर चालला, आणि त्याची पायाभरणी झाली ती एका हरलेल्या मॅचमध्ये.

ही मॅच मी काकांना मोबाईलवर दाखवली होती. तोवर ते रिटायर झालेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. शेवटच्या पकडीपाशी म्हणाले, "थांबव हितं. माग घे." दोनदा बघितलं. मग म्हणाले, "ह्यो वरचा खालच्याला जपतोय. कमरंवर भारच टाकत न्हाई." आणि फोन परत दिला. त्यांच्या लेखी कुस्ती तिथेच संपली होती.

त्यांनी ते दूषण म्हणून सांगितलं, आणि निरीक्षण बिनचूक होतं. जपणं हाच या खेळाचा पाया आहे. खालचा आपली मान समोरच्याच्या हातात देतो, वरचा ती शाबूत परत करतो, आणि हे करताना जीव घेतल्याचा आव आणतो. त्यात बोटभर चूक झाली की काय होतं, तेही त्याच वर्षी दिसलं. ३ ऑगस्ट १९९७, समरस्लॅम हा कंपनीचा आणखी एक मोठा कार्यक्रम. ब्रेटच्याच धाकट्या भावानं, ओवेन हार्टनं, ऑस्टिनला पाइलड्रायव्हर, म्हणजे उलटा धरून डोक्यावर आपटायचा डाव, देताना डोकं नको तितकं खाली राहिलं. मानेला जबर मार बसला, हातपाय हलेनात. ओवेन प्रेक्षकांना चिडवत वेळ काढत राहिला. मग ऑस्टिन कसाबसा सरपटत आला, ओवेनला ढिला गुंडाळला आणि ठरल्याप्रमाणे जिंकला. ऑस्टिनच्या कारकिर्दीला त्या दुखापतीनं कायमची कात्री लावली. निकाल ठरलेला असला म्हणून हाडं ठरल्याप्रमाणे वागत नाहीत.

बरं, सगळंच लिहून ठरवलेलं असतं असंही नाही. आमचं मूळ कुडाळचं, त्यामुळे मला इथे दशावतार आठवतो. आख्यान ठरलेलं, राक्षस मरणार हे पोरासोरांनाही ठाऊक. पण संवादांची संहिता नाही, ते उभ्या उभ्या, समोर बसलेल्यांचा नूर बघून व्हायचे. रिक फ्लेअर असा खेळायचा. मान कवेत घेतली की कानात पुढचा डाव सांगायचा. १९८९ च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि मेमध्ये त्याच्या स्टीमबोटशी तीन मोठ्या मॅच झाल्या. मधली तर तासाच्या आसपास चालली. सॅव्हेजबरोबर घोकून आणि फ्लेअरबरोबर न घोकता, दोन्हीकडे तोच स्टीमबोट. म्हणून दैवत म्हटलं.

समोरच्या लोकांनी मॅच हातातून काढून घेण्याचा नमुना बघायचा तर १७ मार्च २००२, टोरांटो, होगन विरुद्ध द रॉक. होगन तेव्हा व्हिलन म्हणून उतरला होता. लोकांनी ऐकलंच नाही, पहिल्या मिनिटापासून त्याचाच जयजयकार. तुम्ही ती मॅच म्यूट करून बघितलीत तर पन्नाशीकडे झुकलेला माणूस सावकाश हालचाली करताना दिसेल. आवाज चालू करा, अंगावर काटा येतो. दोघांनी हवा ओळखली आणि आपापली सोंगं रिंगमध्येच बदलली.

जपानची गोष्ट वेगळी, तिथे धीर फार. केनी ओमेगाचा हुकमी डाव वन विंग्ड एंजल. ४ जानेवारी २०१७ ला टोकियो डोममध्ये काझुचिका ओकाडाशी पाऊण तासावर मॅच चालली आणि तो डाव ओमेगाला लावताच आला नाही. जूनमध्ये ओसाकात लागला, तर ओकाडाचा पाय दोरावर, म्हणून पिनची मोजणी थांबली, आणि तासाभरानं बरोबरी. ९ जून २०१८ ला तो लागला आणि किताब हातात आला. त्या डावावर किताब मिळायला दीड वर्ष वाट बघायला लावायची! डेव्ह मेल्ट्झर हा अमेरिकन पत्रकार मॅचना पाचपैकी तारे देतो. त्यानं पहिल्या मॅचला सहा दिले आणि २०१८ च्या मॅचला सात. माझी बायको बँकेत आहे, तिला पाचपैकी सात हा हिशेब आजही मंजूर नाही.

ज्या दोन गोष्टी लोक मला हमखास सुनावतात, त्यांना मी ग्रेट मॅच म्हणत नाही. एक, १९९८ मध्ये अंडरटेकरनं मिक फोलीला सोळा फुटी पिंजऱ्यावरून खाली टेबलावर फेकलं. ते बघून पोटात गोळा येतो, पण ती घटना झाली, मॅच नव्हे. दोन, २०१४ मध्ये ब्रॉक लेस्नरनं अंडरटेकरची रेसलमेनियातली २१ विजयांची मालिका मोडली. आपल्याकडे सोमवारची पहाट होती. निकाल इतका मोठा की ऑफिसात दिवसभर लक्ष लागलं नाही, पण मॅच म्हणाल तर रटाळ.

त्याच अंडरटेकरची शॉन मायकल्सशी ५ एप्रिल २००९ ला ह्यूस्टनमध्ये झालेली मॅच मात्र बघाच. टूम्बस्टोन हा त्याचा पाइलड्रायव्हरच्या जातीचा हुकमी डाव; तो बसला की खेळ खलास, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मायकल्स त्यातून खांदा उचलतो, आणि कॅमेरा अंडरटेकरच्या चेहऱ्यावर जातो. मुर्दाडासारखा वावरणारा हा माणूस डोळे फाडून बघतोय. मला शेवट माहीत होता, तरी मी सोफ्यावरून उठलो होतो. जाणकार हीच सरस मानतात. मला पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या मॅचचा शेवट जास्त आवडतो. हरला तर मायकल्सची कारकीर्द संपणार अशी अट. टूम्बस्टोन खाऊनही तो अंडरटेकरचे कपडे धरत वर चढतो. अंडरटेकर क्षणभर थबकलेला. मायकल्स त्याचीच गळा चिरण्याची खूण त्याला करून दाखवतो आणि खाडकन कानाखाली वाजवतो. म्हणजे मला सोडू नकोस, संपव. हरायचं तर असं.

कुठून सुरुवात करू, हेही तुम्ही विचारलं होतंत. ब्रेट-ऑस्टिनपासून करा. ठाण्याला लोकलमध्ये बसायला मिळालं तर वाशी यायच्या आत सहज संपते. रक्त बघवत नसेल तर सॅव्हेज-स्टीमबोट, ती कोपरखैरण्याच्या आतच उरकेल. हेडफोन मात्र घरून घेऊन निघा, लोकांची आरडाओरड ऐकू आली नाही तर अर्धी मॅच गेली. आणि जो खाली पडलाय त्याच्याकडे बघत राहा. ओमेगा-ओकाडा रविवारसाठी ठेवा, दुपारचं जेवण झाल्यावर.